तिसरा पाय

एकोणीस वर्षं मी जमीन पाहिली ती वीतभर.
पोटावर पालथा, सळई तीस अंशांत तिरपी,
खुपसायची, थांबायचं, पुन्हा दोन बोटं पुढे.
कोन्युहच्या उतारावर वसंत आला
की मुळांच्या रंगावरून कळायचं.
डोंगर? असेल.
मान वर करायचा पगार नव्हता.

मग तो सप्टेंबर. आलुबुखाराची बाग,
मी तपासून, काठ्या रोवून, सही करून दिलेली पट्टी,
आणि म्लादेनचा डावा पाय.
याहून जास्त मी कोणाला सांगत नाही.
डॉक्टरबाईंनाही एवढंच सांगितलं.
त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, विचारलं,
बाहेर पडता का, फिक्रेत?
पडतो, म्हटलं.
डांबरावरून.

कॅमेरा मेहुण्याचा. तो आता श्टुटगार्टला बस चालवतो.
रशियन, विटेसारखा जड, फिल्मचा.
म्हणून बरा: चुकलं तर लगेच कळत नाही.
पहिला महिना बटण दाबलंच नाही.
सुरुंग ‘खट्’ करत नाही, ते सिनेमात.
माहीत आहे मला,
माझ्याइतकं कोणाला माहीत असणार.
तरी बोट बटणावर गेलं
की पाठीतून गार पाणी उतरायचं.

शेवटी एक धुक्याची सकाळ.
खाली ओस्कोवा, दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती;
पलीकडे खांबाभोवती रचलेल्या गवताच्या गंजी,
शाली पांघरून बसलेल्या म्हाताऱ्यांसारख्या.

खट्.

काहीच झालं नाही.
एक गाय होती, तिनेही मान वळवली नाही.
मी वाकून माझे बूट मोजले.
दोन.

त्या हिवाळ्यात बारा रोल संपले.
रेफिया फोटो धुऊन देते, तिने विचारलं,
काका, प्रत्येकात खाली हा काळा पट्टा येतो,
कापून टाकू?
नको म्हटलं.
त्याच्यावर मी उभा आहे.

एप्रिलात तिकाटणं घेतलं.
घाटातला रस्ता अरुंद. दोन पाय डांबरावर बसले,
तिसरा गवतातच जाणार होता.
मी तो हवेत धरून उभा राहिलो.
ऊन समोरच्या कड्यावरून खाली आलं,
बीचच्या कोवळ्या पानांत शिरलं, तिथून निघालंही.
मी अजून पाय धरून.

मागे गाडी थांबली. मधमाश्यांच्या पेट्यांची.
तीन वर्षं मी म्लादेनचा मध घेत होतो,
दुसऱ्याच्या हातून.
तो उतरला. माझ्याकडे, मग त्या लोंबत्या पायाकडे बघितलं.
‘ही पट्टी कोणी साफ केली?’
मी. दोन हजार अकराला.
‘मग?’
मला उत्तर आलं नाही.
‘बरं,’ म्हणाला, ‘एक तर देऊन झालाय,’
आणि सरळ गवतात शिरला.

मी ओरडलो बहुतेक. आवाज आला नाही.
दहा पावलं. वीस.
गवत त्याच्या प्लॅस्टिकच्या पोटरीला घासताना
कागद चुरगळल्यासारखं वाजत होतं.
गंजीपाशी जाऊन त्याने सिगारेट पेटवली.
‘काढ लवकर. थंडी वाजतेय पायाला.
जो नाहीये त्याला.’

तेव्हा मी तिसरा पाय खाली टेकवला.
माती जराशी दबली.
पावसाने ओली झालेली माती दबते,
तेवढीच.

झोप अजून तशीच आहे. पहाटे तीनला
मी स्वयंपाकघरातल्या फरशा ओलांडतो, एक सोडून एक.
पण तो फोटो कपाटावर ठेवलाय, बिहीच्या फळांशेजारी.
क्षितिज डावीकडे कललेलं, हात थरथरत होता ना.
खालच्या कडेला डांबर नाही.

एक प्रत म्लादेनला नेऊन दिली, स्वतः.
त्याने चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं.
म्हणाला, कुठला पाय कुठला
कळतच नाही रे यात.
गवत उंच होतं.